अंगभर ठणका, रिपोर्ट मात्र नॉर्मल: नागपुरात फायब्रोमायल्जियाचं निदान आणि उपचार

सकाळी उठल्यावर अंग मोडून आलेलं असतं. रात्रभर झोपूनही झोप झाली नाही असं वाटतं. आज मान आणि खांदे, उद्या कंबर आणि मांड्या, परवा पिंढऱ्या. कुणी खांद्यावर सहज हात ठेवला तरी कळ येते. डॉक्टर रक्त तपासतात, एक्स-रे काढतात, एमआरआयही होतो, आणि कागदावर सगळं ‘नॉर्मल’ येतं. मग घरचे म्हणतात, ‘काही नाही, टेन्शन घेते.’ हे चक्र दोन-दोन, चार-चार वर्षं चालतं आणि त्यात पैसा जातो, वेळ जातो. सगळ्यात वाईट म्हणजे माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास जातो.

फायब्रोमायल्जिया हा खरा आजार आहे. जगभरात साधारण शंभरातल्या दोन ते चार लोकांना तो असतो. बायकांमध्ये जास्त दिसतो, पण पुरुषांनाही होतो. पुरुषांच्या बाबतीत तर तो कुणाच्या डोक्यातच येत नाही आणि निदान आणखी लांबतं. यात सांधे झिजत नाहीत, स्नायू खराब होत नाहीत. बिघाड असतो तो दुखण्याचा संदेश वाहून नेणाऱ्या आणि त्याचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मज्जारज्जू आणि मेंदूत. रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा तसं होतं: साधा स्पर्श, थोडा गारवा, जरासा श्रम हेही दुखणं म्हणून पोहोचतं. एक्स-रेत हाड दिसतं, एमआरआयमध्ये मणक्यातली चकती दिसते, हा वाढलेला आवाज कुठेच दिसत नाही. म्हणून या आजाराचं निदान मशीन करत नाही. ते विचारून, ऐकून आणि मोजून करावं लागतं. मोजायचं कसं हे कळलं की डॉक्टरांच्या समोरच्या त्या दहा मिनिटांत तुम्ही निम्मं निदान हातात घेऊन बसलेले असता.

आधी वही, मग डॉक्टर

दोनशे पानी वही घ्या आणि अपॉइंटमेंटच्या आधी किमान दोन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा: दुखणं ० ते १० मध्ये किती, झोप किती तास आणि उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात काय काम केलं, कोणती गोळी घेतली. एवढंच. पानभर लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडते.

मग एक दिवस निवांत बसून पुढची मोजणी करा. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली ठरवलेल्या आणि २०१६ साली संशोधकांनी सुधारलेल्या निकषांवर ती बेतलेली आहे. १९९० च्या जुन्या पद्धतीत अंगावरचे १८ बिंदू अंगठ्याने साधारण ४ किलोच्या जोराने दाबायचे आणि त्यांपैकी ११ दुखले तर निदान करायचं, असं होतं. आता बिंदू दाबून बघण्याची सक्ती नाही. ‘अठरा बिंदू दुखत नाहीत म्हणून तुम्हाला फायब्रो नाही’ असं कुणी सांगितलं, तर नव्या निकषांविषयी नम्रपणे विचारा.

पहिली मोजणी जागांची. गेल्या सात दिवसांत या १९ पैकी किती जागा दुखल्या ते पाहा: डावा-उजवा खांदा, डावा-उजवा दंड, डावा-उजवा कोपराखालचा हात, डावा-उजवा कुल्हा, डावी-उजवी मांडी, डावी-उजवी पोटरी, डावा-उजवा जबडा, आणि मग छाती, पोट, मान, वरची पाठ, कंबर. प्रत्येक जागेला एक गुण. शरीराची बाह्यरेखा काढून त्यात दुखणाऱ्या जागा पेनाने रंगवल्या तर डॉक्टरांना एका नजरेत कळतं.

दुसरी मोजणी त्रासाची. थकवा, उठल्यावर न झालेली झोप आणि डोक्यातलं धुकं (म्हणजे शब्द न आठवणं, एखादी गोष्ट लक्षात न राहणं, गॅसवर काय ठेवलंय ते विसरणं) या तिन्हींना गेल्या आठवड्यातल्या त्रासाप्रमाणे ० ते ३ गुण द्या. ० म्हणजे नाही, १ म्हणजे सौम्य, २ म्हणजे बऱ्यापैकी आणि वारंवार, ३ म्हणजे तीव्र आणि सततचं. मग गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं किंवा पेटके, आणि उदासी यांपैकी जे होतं त्याला प्रत्येकी एक गुण. ही बेरीज जास्तीत जास्त १२.

निकष असा: जागांचे गुण ७ किंवा जास्त आणि त्रासाचे ५ किंवा जास्त, नाहीतर जागांचे ४ ते ६ आणि त्रासाचे ९ किंवा जास्त. शिवाय दुखणं शरीराच्या पाचपैकी किमान चार भागांत हवं (वरचा डावा, वरचा उजवा, खालचा डावा, खालचा उजवा आणि मधला कणा), आणि हे सगळं किमान तीन महिने चाललेलं हवं. भाग मोजताना जबडा, छाती आणि पोट धरायचं नाही, तिथे अनेकांची चूक होते.

एक उदाहरण करून पाहू. मान १, दोन्ही खांदे २, वरची पाठ १, कंबर १, दोन्ही कुल्हे २, दोन्ही मांड्या २: जागांचे ९. थकवा २, न झालेली झोप ३, धुकं १, डोकेदुखी १, पोटात पेटके १: त्रासाचे ८. पाचही भागांत दुखणं आहे. चार महिने झाले असतील तर निकष पुरे झाले.

पण निकष पुरे झाले म्हणजे दुसरं काही नाही, असा अर्थ लावू नका. २०१६ च्या सुधारणेत स्पष्ट आहे की दुसरा आजार असतानाही फायब्रोमायल्जिया असू शकतो. थायरॉइडवाल्या किंवा संधिवाताच्या रुग्णाला वरून हेही असतं, आणि एकावर इलाज करून दुसरं जात नाही.

आपल्या भागात आधी काय वगळायचं

पुण्या-मुंबईच्या यादीपेक्षा विदर्भातली यादी थोडी वेगळी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सिकलसेल. विदर्भातल्या अनेक समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि त्यात हाडं, पाठ, हातपाय भयंकर दुखतात. घरात कुणाला असेल, वारंवार कावीळ होत असेल किंवा हिमोग्लोबिन कायम कमी असेल, तर सोल्युबिलिटी चाचणी आणि पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचा प्रकार ठरवणाऱ्या तपासण्या) करून घ्या. चिकनगुनिया. ताप जाऊन महिने उलटले तरी मनगटं, घोटे, बोटं दुखत आणि सुजत असतील, तर आधी त्याचा विचार करावा लागतो. फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूर आणि आसपासच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त असतं. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन पाठ ताठरते, हाडं दुखतात. गावाकडून आलेल्या रुग्णाला ‘पाणी कुठलं पिता?’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तुम्हीच सांगा.

नेहमीच्या तपासण्या अशा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज कळते), टीएसएच (थायरॉइड), साखर, क्रिएटिनिन (किडनी), लिव्हरच्या तपासण्या, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि बी-१२. चढताना-उठताना खरोखर ताकद कमी वाटत असेल किंवा कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल, तर सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते कळतं). बस. एएनए आणि आरए फॅक्टर (संधिवात आणि तशा आजारांच्या तपासण्या) सरसकट करून घेऊ नका. ठणठणीत माणसांतही ते कधी कधी पॉझिटिव्ह येतात, आणि मग नसलेल्या आजाराच्या भीतीत सहा महिने जातात. सांधे सुजत असतील, अंगावर चट्टे येत असतील, तोंड-डोळे कोरडे पडत असतील, तर त्या तपासण्यांना अर्थ आहे.

डी आणि बी-१२ बद्दल एक सूचना. दोन्ही आपल्याकडे सर्रास कमी निघतात आणि भरून काढायलाच हवीत, त्याने बऱ्याच जणांचं दुखणं हलकंही होतं. पण डीची ६०,००० युनिटची सॅशे साधारण आठवड्याला एक, आठ आठवडे, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी कमी, अशी असते. ‘बरं वाटलं’ म्हणून महिनोन् महिने दर आठवड्याला घेत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मळमळ, बद्धकोष्ठता, किडनीला त्रास असं नवीनच दुखणं लागतं. मेडिकल स्टोअरवाला ती पाकिटं विचारल्याशिवाय देतो, म्हणून ही चूक फार होते.

आता जे फायब्रोमायल्जियाच्या नावाखाली कधीच ढकलू नये ते: ताप, वजन आपोआप उतरणं, रात्री फक्त एकाच ठिकाणी ठणकून जाग येणं, सांध्यावर दिसणारी सूज, हातापायातली ताकद जाणं, लघवी-संडासावरचा ताबा जाणं. पन्नाशीनंतर अचानक दोन्ही खांदे आणि कुल्हे सकाळी जाम व्हायला लागले आणि ईएसआर वाढलेला असेल, तर तो वेगळाच आजार असतो. त्याच्यावर वेगळं औषध आहे आणि ते लवकर लागू पडतं. पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी आणि नजरेत बदल असेल, तर त्याच दिवशी दाखवा. विशी-तिशीतल्या तरुणाची कंबर सकाळी जास्त आखडते आणि चालल्याफिरल्यावर मोकळी होते, तेव्हाही संधिवाततज्ज्ञ गाठावा. आणि छातीत दुखलं की ‘माझं तर रोजच दुखतं’ म्हणून घरी थांबू नका.

नागपुरात कुणाकडे जायचं

पहिला मुक्काम एमडी मेडिसिनचा. वरच्या तपासण्या आणि वगळण्याचं काम तेच नीट करतात. त्यांना शंका आली, सांधे सुजत असले किंवा उपचार सुरू करूनही फरक पडला नाही, तर संधिवाततज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. हाडांच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली की बहुतेक वेळा एमआरआय, कंबरेचा पट्टा आणि मणक्यातल्या ‘गॅप’ची चर्चा होते. वयाच्या चाळिशीनंतर एमआरआयमध्ये चकती थोडीफार सरकलेली दिसणं इतकं सामान्य आहे की तिला सगळ्या अंगाच्या दुखण्याचं कारण मानता येत नाही.

खासगीत धंतोली, रामदासपेठ, काँग्रेसनगर या पट्ट्यात बहुतेक तज्ज्ञ बसतात. फोनवर नंबर लावतानाच एक प्रश्न विचारा: ‘सर फायब्रोमायल्जियाचे पेशंट बघतात का?’ रिसेप्शनवरच्या ताईंना शब्द माहीत असला तर अर्धं काम झालं. सरकारीत मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स हे तीन पर्याय, आणि तिन्हीकडे सुरुवात मेडिसिन ओपीडीतूनच होते. एम्सला ऑनलाइन नोंदणी करता येते, आणि खापरीपर्यंत मेट्रोने जाऊन पुढे ऑटो केला की गर्दीत गाडी चालवण्याचा शीण वाचतो. वर्ध्याकडच्या लोकांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ पडतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरहून एका दिवसात येऊन जायचं असेल, तर येण्याआधी रक्त तपासून रिपोर्ट सोबत आणा, नाहीतर दोन फेऱ्या होतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन केल्या जाणाऱ्या उपचारांसाठी आहे. या आजारात ओपीडी आणि गोळ्यांचाच खर्च असतो, तेव्हा तिच्यावर हिशेब बांधू नका. गोळ्यांचा खर्च जन औषधी केंद्रातून बराच कमी होतो. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा.

खुर्चीवर बसल्यावर पहिली तीस सेकंद महत्त्वाची. ‘डॉक्टर, आंग लय दुखून राह्यलं’ यावर गोळी मिळते, निदान मिळत नाही. त्याऐवजी असं: ‘डॉक्टर, पाच महिने झाले. मान, खांदे, कंबर, कुल्हे, मांड्या, दोन्ही बाजूंनी दुखतं. आठ तास झोपूनही थकवा जात नाही. थायरॉइड आणि ईएसआर नॉर्मल आहे, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेत. मोजणीत ९ आणि ८ आले. फायब्रोमायल्जिया असू शकतो का?’ आणि रंगवलेलं चित्र पुढे ठेवा. सोबत कुणी येत असेल तर बोलायचं तुम्हीच, हे घरूनच ठरवून निघा.

गोळ्या: कमी डोस, सावकाश वाढ

नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक वगैरे, सूज उतरवून दुखणं कमी करतात. इथे सूजच नाही, म्हणून त्यांचा उपयोग होत नाही, आणि रोज घेतल्या तर पोट आणि किडनी मात्र बिघडते. स्टिरॉइडचाही उपयोग नाही. गावोगावी आणि बाजारात मिळणाऱ्या बिनलेबलच्या ‘वाताच्या पुड्यां’नी चार दिवसांत जादूसारखं बरं वाटत असेल, तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता खूप असते. महिनोन् महिने घेतल्यावर साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. त्या आधीपासून चालू असतील तर अचानक बंद करू नका, डॉक्टरांना पुडी दाखवून हळूहळू उतरवा. ‘ताकदीचं सलाइन’ लावून घेतल्याने या आजारात काहीच होत नाही.

ज्यांचा उपयोग होतो त्या गोळ्या नसांच्या संदेशावर काम करतात.

अमिट्रिप्टिलिन: रात्री झोपण्याच्या एक-दोन तास आधी ५ किंवा १० मिलिग्रॅमपासून. बहुतेकांना २५ पर्यंत पुरतं. झोप सुधारते, सकाळचा ठणका कमी होतो. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, सकाळी थोडी गुंगी राहते. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधीच सांगा. आणि नागपूरकरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा: या गोळीने घाम कमी येऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असताना घाम न येणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. नवतपाच्या दिवसांत दुपारी बाहेर पडू नका, ताक-पन्हं-पाणी घेत राहा, आणि अंग तापून कोरडं वाटलं, डोकं गरगरलं तर सावलीत येऊन अंगावर ओला कपडा फिरवत लगेच दवाखाना गाठा.

ड्युलोक्सेटिन: साधारण ३० मिलिग्रॅम एक आठवडा, मग ६०, जेवणानंतर. पहिले आठ-दहा दिवस मळमळतं, बहुतेकांचं पुढे जातं. तिथे घाबरून गोळी सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. या गोळीने उलट घाम वाढतो, बीपीही थोडं वाढू शकतं. ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामक गोळीसोबत ती घ्यायची नाही. दोन्ही मिळून शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन धोकादायक वाढू शकतं, आणि ट्रॅमाडॉल तर कंबरदुखीच्या कितीतरी चिठ्ठ्यांवर लपलेलं असतं.

प्रीगाबालिन: अमेरिकेत या आजारासाठी पहिली मान्यता हिला, २००७ साली, मिळाली. आपल्याकडे रात्री २५ ते ७५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. गुंगी, चक्कर, पायावर सूज, वजन वाढणं हे त्रास. डोस वाढवल्याच्या पहिल्या आठवड्यात स्कूटी चालवू नका. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी लागतो. ड्युलोक्सेटिन आणि प्रीगाबालिन दोन्ही एकदम बंद करायच्या नाहीत, उतरवत न्यायच्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकत्रित गोळ्यांत. आपल्याकडे प्रीगाबालिन, नॉरट्रिप्टिलिन आणि बी-१२ एकाच गोळीत मिळते. हाडांच्या डॉक्टरांनी ती दिलेली असते, मेडिसिनवाल्यांनी वेगळी प्रीगाबालिन आणि अमिट्रिप्टिलिन दिलेली असते, आणि पेशंट दोन्ही घेत दिवसभर झोपेत असतो. म्हणून प्रत्येक पट्टीची मागची बाजू वाचा, छोट्या अक्षरांत काय काय आहे ते वहीत लिहा आणि एकच यादी सगळ्यांना दाखवा.

कोणतीही गोळी लागू पडते की नाही ते पाहायला सहा ते आठ आठवडे द्या. दुखणं ७ वरून ५ वर आलं आणि झोप सुधारली, तर ती गोळी काम करते आहे. शून्याची वाट पाहत गोळ्या बदलत राहिलात तर चांगली गोळीही हातची जाते. गर्भधारणेचा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर चिठ्ठी लिहिण्याआधीच सांगा.

चालणं, तेही मोजून

२०१७ साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराच्या सगळ्या उपचारांचा पुरावा तपासला, तेव्हा ‘नक्की करा’ अशी ठाम शिफारस फक्त व्यायामाला मिळाली. गोळ्यांना नाही. पण ‘रोज तासभर चाला’ असा सल्ला मिळतो, पेशंट दुसऱ्या दिवशी फुटाळ्याला एक मोठा फेरा मारतो, तीन दिवस अंथरुणात पडतो आणि व्यायाम मला सोसत नाही असं ठरवून टाकतो. चूक व्यायामाची नसते, मापाची असते.

माप असं काढा. तीन साध्या दिवशी, बऱ्या नाही आणि वाईटही नाही अशा, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता येतं ते घड्याळ लावून पाहा. समजा ८, १२ आणि १० मिनिटं. सरासरी १०. त्याच्या ऐंशी टक्के, म्हणजे ८ मिनिटं, ही तुमची सुरुवात. दोन आठवडे रोज आठच मिनिटं. बाराव्या दिवशी खूप छान वाटलं तरी आठच. मग दर आठवड्याला एक मिनिट. या वेगाने अर्ध्या तासावर यायला पाच-सहा महिने लागतात, आणि तेवढे लागू द्या. ठणका वाढलेल्या दिवशी पूर्ण बंद करायचं नाही, निम्मं करायचं. चालल्यानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल, तर एक पायरी मागे.

जागा सपाट हवी. अंबाझरी उद्यान, तेलंगखेडी, सिव्हिल लाइन्सचे सावलीचे रस्ते चांगले. सेमिनरी हिल्सचा चढ पहिले तीन महिने नको. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला निघा, नाहीतर घरातल्या घरात हॉल ते गॅलरी घड्याळ लावून चाला, तेही मोजलं जातं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत स्नायू जास्त आखडतात, तेव्हा गरम पाण्याने अंघोळ करून, ऊन आल्यावर निघा.

सहा आठवड्यांनंतर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडा: खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पाच वेळा ढकलणं, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेऊन पाच वेळा हात उचलणं. फिजिओथेरपिस्टकडे जात असाल तर फक्त शेक आणि मशीन लावून घरी पाठवणाऱ्यापेक्षा हे व्यायाम उभं राहून करून घेणारा शोधा. शेकाने आराम पडतो, पण तो तासाभराचा असतो. संथ योगासनं आणि ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) चालतात. घामाघूम करणारे सूर्यनमस्कारांचे आवर्तन सध्या नको.

घरकाम: बऱ्या दिवसाचा सापळा

जो दिवस बरा जातो त्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचं आणि मग चार दिवस पडून राहायचं, या चक्रात बहुतेक घरं अडकलेली असतात. उन्हाळी वाळवणाच्या दिवसांत, दिवाळीच्या सफाईत ते हमखास दिसतं. उपाय एकच: काम वेळेने तोडायचं, कामाने नाही. ‘एवढं कपाट संपवते’ याऐवजी ‘वीस मिनिटं आवरते, मग दहा मिनिटं पाठ टेकते.’ मोबाइलचा गजर लावा आणि वाजल्यावर खरोखर उठा.

पोळ्यांचं उदाहरण घेऊ, कारण खांदे आणि मनगटं सगळ्यात जास्त तिथेच जातात. कणीक नेहमीपेक्षा जरा सैल भिजवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. मग मळायला जोर निम्माही लागत नाही. लाटताना ओटा कोपराच्या उंचीला हवा. तो उंच असेल तर खांदे वर उचलले जातात आणि रात्री मान धरते, अशा वेळी पायाखाली पाट घ्या किंवा जेवणाच्या टेबलावर बसून लाटा. लाटणं हातात जाडसर असलेलं बरं, मूठ घट्ट आवळावी लागत नाही. वीस पोळ्या एकदम करण्याऐवजी सकाळी दहा, संध्याकाळी दहा. कपडे पिळायचे नाहीत, निथळू द्यायचे. बादली भरून उचलायची नाही, मगाने पाणी घालायचं.

हे घरात सांगावं लागतं, आणि रडवेल्या सुरात सांगितलं की भांडण होतं. ठरलेलं, मोजलेलं सांगा. ‘आई, मी आता दहा पोळ्या लाटते, उरलेल्या सातनंतर. मधे अर्धा तास पडते.’ किंवा ‘अहो, मंगळवार-शुक्रवार भाजी तुम्ही आणाल का? पिशवी उचलली की माझा खांदा दोन दिवस जातो.’ ‘मला बरं नाही’ ऐकून ऐकून घर कंटाळतं. नेमकं काम मागितलं की बहुतेक लोक करतात.

झोप

उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही. झोपायची वेळ तिच्यामागून आपोआप लागते. दुपारी चारनंतर चहा नको, दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. कूलरचा झोत थेट मानेवर-खांद्यावर येत असेल तर पलंग बाजूला सरकवा. रात्रभर ओलसर गार हवा एकाच जागी लागली की सकाळी मान हलत नाही, आणि पेशंटला वाटतं आजार वाढला. मोठ्याने घोरणं, मधेच श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं फेरिटिन तपासा, लोह कमी असलं की असं होतं.

मन आणि समजूत

उदासी हे या दुखण्याचं कारण नाही, पण दोन्ही एकत्र असतात आणि एकमेकांना ओढतात. समुपदेशकाकडे जाण्याचा अर्थ ‘दुखणं मनाचं आहे’ असा होत नाही. दुखण्याच्या भीतीने आपण जे जे करणं सोडून देतो ते परत कसं सुरू करायचं हे तिथे शिकवतात, आणि त्याचा फायदा मोजता येतो. जगणं नको वाटण्याइतका त्रास असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. तेव्हा एकट्याने रात्र काढू नका.

नोकरीच्या ठिकाणी एक अडचण येते: २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत या आजाराचं नाव नाही, त्यामुळे प्रमाणपत्राच्या मागे धावून हाती फारसं लागत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांकडून नेमकं पत्र घ्या: दर तासाला पाच मिनिटं उभं राहण्याची मुभा, तळमजल्यावर बसण्याची जागा, सकाळी अर्धा तास उशिरा येण्याची सवलत. असं पत्र साहेबांना मान्य करणं सोपं जातं.

दर तीन महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करा आणि डॉक्टरांना जुने-नवे आकडे शेजारी शेजारी दाखवा. ९ आणि ८ चे ७ आणि ५ झाले तर गोळी कमी करायचं बोलता येतं, तसेच राहिले तर बदलायचं. आणि या तीन महिन्यांत एखादं असं लक्षण आलं जे आधी कधीच नव्हतं, सूज, ताप, हाताची पकड सुटणं, तर ते वहीत वेगळ्या पानावर तारखेसह लिहा आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.